एक जूनच्या गाड्या

प्रमिलाच्या टेबलावर आलेला कागद तिच्यापासून काही लपवू शकत नाही, असं जव्हारात बोललं जायचं आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. न्हावाशेवा बंदराजवळ एका कस्टम एजंटच्या ऑफिसात तिने अकरा वर्षं काढली होती. परदेशातून येणाऱ्या गाड्यांचे दाखले तपासायचे, चेसिस नंबर जुळवायचे आणि खोटं दिसलं की लाल पेनाने गोल करायचा, एवढंच काम. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडून ती परत आली. आई गेल्यावरही ती बंदरावर गेली नाही. जव्हारातल्या ‘डोंगरवाट’ नावाच्या छोट्या आरोग्य संस्थेत कामाला लागली. संस्थेच्या डॉक्टर हर्षदाताई पेशंट बघायच्या आणि प्रमिला कागद बघायची. तिची सही पडल्याशिवाय संस्थेचा एक रुपया हलत नसे.

फेब्रुवारीत मुंबईच्या एका कंपनीने संस्थेला दोन रुग्णवाहिका द्यायचं कबूल केलं. मोखाड्याकडच्या पाड्यांवर अजून बायांना झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. नेहमीची मोठी गाडी त्या वाटेवर शिरतच नाही. कंपनीचे मोठे साहेब कधीतरी जपानला जाऊन आले होते. तिथल्या चिंचोळ्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या छोट्या गाड्या त्यांच्या मनात भरल्या होत्या, त्यामुळे तशाच आणायच्या, वापरलेल्या का होईना, असं ठरलं. आयातीच्या ड्युटीचा आकडा ऐकून हर्षदाताईंना घाम फुटला, पण पैसा साहेबांचा होता. ते नाहीच जमलं तर नाशिकच्या शोरूममधल्या गाड्या घ्यायच्या होत्या. त्या थोड्या रुंद होत्या, पण चालल्या असत्या. अट एकच होती, की एकतीस मार्चच्या आत व्यवहार पुरा व्हायला हवा. नंतर ते पैसे दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होते.

या गाड्यांवर सगळ्यात जास्त डोळे लावून बसला होता प्रमिलाचा धाकटा भाऊ नवसू. पोशेऱ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून तो सतरा वर्षं जीप चालवत होता. जीप म्हातारी झाली होती, जूनमध्ये तिचा फिटनेस संपत होता आणि आरटीओ पुन्हा पास करणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. एका रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर म्हणून हर्षदाताईंनी त्याचं नाव घातलं होतं. शिवाय त्याची पोरगी सकू बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला एप्रिलअखेरचे दिवस दिले होते.

तेवीस फेब्रुवारीला, सोमवारी, गाड्यांची फाईल प्रमिलाच्या टेबलावर आली. जपानी निर्यातदाराचा इकडचा माणूस म्हणून फाईलवर ज्याचं नाव होतं ते वाचून ती खुर्चीत मागे टेकली. मौळे गुरुजी. पाड्यावरच्या शाळेचे रिटायर हेडमास्तर. आता ट्रॅक्टर, पिकअप, मिळेल त्या गाडीच्या दलालीत होते.

या माणसाने प्रमिलाच्या घराचं काय केलं होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पाड्यावर जन्माची तारीख कुणी लिहून ठेवत नसे. पोर शाळेत आलं की गुरुजी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचे, मनातल्या मनात एक साल ठरवायचे आणि रजिस्टरला टाकायचे ‘एक जून’. सगळीकडचेच मास्तर तसं करत, त्यात नवल नव्हतं. पण प्रमिला शाळेत गेली त्या दिवशी नवसू तिचा परकर धरून मागे आला, तर गुरुजींनी पटसंख्या वाढते म्हणून त्यालाही पहिलीत बसवलं आणि दोघांनाही एकच तारीख टाकली. एक जून एकोणऐंशी. अडीच वर्षांनी लहान असलेला भाऊ कागदावर बहिणीचा जुळा झाला.

पुढे मोठेपणी त्या तारखेने दंश केला. वनरक्षकाच्या भरतीत नवसू पळण्यात पहिला आला. कागद तपासताना कळलं, की भरतीची तीस वर्षांची वयोमर्यादा ओलांडून त्याला चौदा दिवस झाले आहेत. खरं तर तो सत्तावीस वर्षांचा होता. ही तारीख अंदाजाने टाकली होती, एवढं शाळेचं एक पत्र हवं होतं. आई, म्हणजे कोंडी, त्या पत्रासाठी शाळेत सात वेळा चालत गेली. कधी गुरुजी मीटिंगला गेलेले, कधी शिक्का कपाटात आणि चावी मोखाड्याला, कधी अर्ज चुकलेला. सातव्या वेळी प्रमिला बरोबर होती. शाळेच्या पडवीत चार माणसं बसलेली असताना गुरुजींनी आईला विचारलं, “तुला तरी माहिती आहे का कधी जन्मला तो?”

“नागली झोडत होतो तवा,” आई म्हणाली.

गुरुजी हसले. “ढोरांची तारीख कोण लिहून ठेवतं, बाई? जा घरी.”

पडवीतली माणसंही हसली. आई मरेपर्यंत त्या दिवसाबद्दल बोलली नाही. नवसूने कर्ज काढून जीप घेतली आणि हळूहळू तो विसरला. प्रमिला विसरली नाही. तिने ते हसणं जपून ठेवलं होतं आणि त्याचा तिला कधी कंटाळा आला नव्हता.

तर त्या सोमवारी तिने फाईल उघडली. आपल्याकडे वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. दोन्ही गाड्यांच्या निर्यात दाखल्यांवर पहिल्या नोंदणीचा रकाना होता. तिने पहिल्या गाडीचा बघितला, मग दुसरीचा बघितला आणि मग मोठ्याने हसली. पलीकडच्या खोलीतून हर्षदाताईंनी विचारलं, “काय गं?”

“काही नाही ताई. जुनी ओळख निघाली.”

एक जून दोन हजार तेवीस. दोन्ही गाड्यांवर हीच तारीख.

बंदरावर तिच्या हाताखालून असे हजारभर दाखले गेले होते. जपानी दाखल्यावर पहिल्या नोंदणीचं फक्त वर्ष आणि महिना असतो, दिवस नसतोच. आणि जिथे दिवस नसतो तिथे ‘एक’ लिहिणारा आणि जिथे महिना नसतो तिथे ‘जून’ लिहिणारा हात जपानात सापडायचा नाही. निर्यातदाराने कोरी जागा ठेवून ‘तुमच्या नियमात बसेल ते भरून घ्या’ म्हटलं असणार. आणि गुरुजींनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. गाडीला डोक्यापासून चाकापर्यंत न्याहाळलं आणि शाळेत घातलं.

खात्रीसाठी तिने पनवेलला नीताला फोन केला. नीता तिच्या जुन्या ऑफिसातली मैत्रीण. चेसिस नंबर दिल्यावर संध्याकाळपर्यंत तिने जपानमधल्या लिलावाच्या मूळ नोंदी पाठवल्या. दोन्ही गाड्या दोन हजार अठराच्या. म्हणजे बंदरावर उतरल्या की जप्तच.

आता खरं काम सोपं होतं. उठायचं, चार पावलं चालून हर्षदाताईंच्या खोलीत जायचं आणि फाईल त्यांच्यापुढे टाकायची. जपान रद्द झालं असतं, नाशिकला फोन गेला असता, महिन्याभरात गाड्या दारात आल्या असत्या. आणि गुरुजी ‘निर्यातदाराने मला फसवलं हो’ म्हणत हात झटकून मोकळे झाले असते. कुणी त्यांना एक प्रश्न विचारला नसता.

प्रमिलाने लिलावाच्या नोंदी आपल्या पर्समध्ये ठेवल्या आणि फाईल बंद केली.

दुसऱ्या दिवशी तिने गुरुजींना बोलावलं. ते आले ते पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर जगाला उत्तीर्ण केल्याचं समाधान. “अरे, तू तर आपल्याच शाळेची!” ते म्हणाले. “कोणाची गं तू?”

“कोंडीची.”

गुरुजींच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांना आठवतच नव्हतं. प्रमिलाला वाटलं होतं निदान आठवेल तरी. त्या क्षणी तिच्या मनात जी थोडी दया होती तीही गेली.

“गुरुजी, प्रती काळ्या आल्यात. नीट झेरॉक्स काढून आणा,” ती गोड आवाजात म्हणाली.

ते पुन्हा आले तेव्हा प्रत्येक पानावर सही नव्हती. तिसऱ्यांदा आले तेव्हा सही होती, पण सहीखाली नाव नव्हतं. चौथ्यांदा तिला निर्यातदाराचं पत्र हवं होतं, पाचव्यांदा त्या पत्राचं मराठी भाषांतर. सहाव्या खेपेला गुरुजी जिना चढून आले तेव्हा धापा टाकत होते आणि प्रमिलाने खुर्चीतूनच सांगितलं, की आज शिक्का कपाटात आहे आणि चावी ताईंकडे. ते मुकाट्याने उतरले. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. एवढा गोड चहा तिने बऱ्याच दिवसांत प्यायला नव्हता.

सातव्या खेपेला तिने पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतलं, नोटरीपुढे. ‘मूळ कागद मी स्वतः पाहिले आहेत. नोंदणीच्या तारखा मी स्वतः पडताळल्या असून त्या खऱ्या आहेत. खोट्या निघाल्यास मी फौजदारी कारवाईस पात्र राहीन.’ गुरुजींनी न वाचता सही ठोकली. लिहिणं हे त्यांचं काम होतं, वाचणं दुसऱ्यांचं.

या सगळ्यात मार्चची सतरा तारीख उजाडली.

मधल्या काळात नवसू दर बाजाराच्या दिवशी जव्हारला यायचा. “बाय, गाड्यांचा काय झाला?” तो विचारायचा आणि ती म्हणायची, “कागद चाललेत.” एकदा त्याने जपानी गाडीची रुंदी विचारून घेतली. चार फूट दहा इंच. तेवढा बांबू कापून तो पाड्यावर घेऊन गेला आणि सगळी वाट बांबूने मोजली. एका वळणावर बांबू अडला, तर माणसं जमवून कडा फोडायला लागला. हे त्याने सांगितलं त्या दिवशी प्रमिलाला झोप लागायला वेळ लागला. पण तिने स्वतःला समजावलं, की थोडेच दिवस राहिलेत आणि हे सगळं त्याच्यासाठीच तर चाललंय.

वीस मार्चला संस्थेत बैठक बसली. हर्षदाताई, समितीवरची पाच माणसं आणि पैसे देणाऱ्या कंपनीचा तरुण अधिकारी दिपेश. गुरुजी मधल्या खुर्चीत ऐसपैस बसले होते, जणू गाड्या त्यांनीच कारखान्यात घडवल्या होत्या. फक्त प्रमिलाची सही बाकी होती. ती उठून उभी राहिली.

“सहीआधी मला सगळ्यांना एक विचारायचंय. आपापली जन्मतारीख सांगा. कागदावरची.”

लोक एकमेकांकडे बघून हसले. पण प्रमिला हसत नव्हती, म्हणून त्यांनी सांगितलं. समितीवरचे जिव्याकाका म्हणाले, एक जून. आशा सेविका काशी म्हणाली, एक जून. माजी सरपंच म्हणाले, एक जून, आणि खोली हसण्याने भरली. दिपेशची होती नऊ ऑक्टोबर. त्याला कळेना काय विनोद चाललाय.

“माझीही एक जूनच,” प्रमिला म्हणाली. “गुरुजींनीच दिलेली. आणि दिपेशसर, तुमच्या जपानी गाड्यांची कुठली, माहितीये? दोन्हींची एक जून. इतक्या लांबच्या गाड्या, पण आमच्याच पाड्यावर जन्मल्यासारख्या.”

आधी हसू आलं, मग ते हळूहळू विरत गेलं. प्रमिलाने पर्समधून लिलावाच्या नोंदी काढून टेबलावर मांडल्या. खरं साल, खरा महिना. शेजारी दाखले ठेवले, आणि सगळ्यांत वर गुरुजींचं प्रतिज्ञापत्र, त्यांच्या वळणदार सहीसकट.

“हे... हे त्यांनी तिकडून भरून पाठवलं,” गुरुजी म्हणाले.

“तुम्ही स्वतः पडताळलंय गुरुजी. नोटरीपुढे लिहून दिलंय. प्रत्येक पानावर सही आहे, सहीखाली नाव आहे.”

“अगं, तारीख काय... अंदाजाने...”

“काय म्हणालात? मोठ्याने बोला. सतरा वर्षांपूर्वी हाच एक शब्द कागदावर लिहून मागितला होता माझ्या आईने. सात वेळा चालत आली होती. तुम्ही तिला म्हणालात, ढोरांची तारीख कोण लिहून ठेवतं.”

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. आता त्यांना आठवलं. ते आठवणं त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना प्रमिलाने डोळे भरून पाहिलं. खिशातलं पेन काढून त्यांनी उगाच हातात धरलं, मग परत ठेवलं. जिव्याकाका त्यांच्या शेजारून उठून दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. दिपेशने कागदांचे फोटो काढले, ऑफिसला फोन लावला आणि पोलिसांत तक्रार द्यायचं तिथल्या तिथे ठरलं. गुरुजी जिना उतरले तेव्हा कुणीही त्यांना ‘या’ म्हटलं नाही.

हर्षदाताईंनी प्रमिलाचे दोन्ही हात धरले. “तू नसतीस तर बुडालोच असतो गं.”

दिपेश मात्र मोबाईलमधलं कॅलेंडर बघत होता. “मॅडम, अकरा दिवस उरलेत. त्यात दोन सुट्ट्या. नाशिकचं कोटेशन, आमच्या बोर्डाची मंजुरी... होणार नाही. हे फेब्रुवारीत कळलं असतं तर आरामात झालं असतं. तुम्हाला कधी लक्षात आलं?”

“परवा,” प्रमिला म्हणाली.

ते तिच्या तोंडून इतकं सहज निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

रविवारी ती पाड्यावर गेली. नवसूला स्वतः सांगायचं होतं. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हतीच. वळणावर दहा-बारा माणसं काम करत होती. कुणी कुदळीने कडा फोडत होतं, बाया घमेल्यातून माती वाहत होत्या. सकूला माती उचलू देत नव्हते, म्हणून ती सावलीत बसून सगळ्यांना पाणी देत होती. नवसू बांबू आडवा धरून वाकला होता. बहिणीला बघून त्याने हात हलवला. “ये बाय! बघ, बसला का नाय बांबू?”

तिने त्याला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. सात हेलपाटे, स्टँपपेपर, भरलेल्या खोलीतला गुरुजींचा चेहरा. सांगताना तिचा आवाज चढत गेला, डोळ्यांत पाणी आलं. “नवसू, आईचं उट्टं काढलं मी. तुझंही.”

नवसू ऐकत राहिला. सगळं संपल्यावर त्याने विचारलं, “मंग गाडी?”

“ती नाही येणार. खोटीच होती ती.”

“दुसरी? नाशिकची म्हणत होतीस ती?”

“मुदत संपतेय. पैसे दुसरीकडे जाणार आता.”

त्याने बांबू कडेला टेकवला. सतरा वर्षं घाटात गाडी हाकलेला माणूस होता तो, कुठल्या वळणावर काय झालं ते त्याला बरोबर कळत असे. “हे तुला कवा समजला?”

‘परवा’ तिच्या ओठांवर आलं होतं. दिपेशला सांगितलं तसं यालाही सांगता आलं असतं, त्याने तपासलं नसतं. पण तो तिच्याकडे सरळ बघत होता, आणि आईनंतर तिच्याकडे असं बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

“तेवीस फेब्रुवारीला,” ती म्हणाली. “फाईल आली त्याच दिवशी.”

नवसूने मनात दिवस मोजले असावेत.

“मी तुला कवा सांगलेला, उट्टं काढ म्हणून?” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “गुरुजी तरी न बघता लिहायचा, बाय. तू बघून गप राहिलीस.”

तिला पुष्कळ बोलायचं होतं. ते हसणं तू विसरलास म्हणून खोटं ठरत नाही, हे सांगायचं होतं. आईच्या टाचांना पडलेल्या भेगांची आठवण करून द्यायची होती.

“आता तूच सांग त्यांना,” नवसू माणसांकडे हात करून म्हणाला आणि जीपकडे निघून गेला.

तिने सांगितलं. गाडी येणार नाही, कागद खोटे निघाले, दुसरी आणायला उशीर झाला. उशीर कुणामुळे झाला तेही सांगितलं, कारण ते न सांगण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. कुदळी थांबल्या. कुणी शिवी दिली नाही, दिली असती तर बरं वाटलं असतं. सगळ्यांनी सकूकडे बघितलं. सकूने पोटावरचा पदर सारखा केला, हात टेकत उठली आणि शेजारचीच्या हातातलं रिकामं घमेलं आपल्याकडे घेतलं.

“थांबताव कशाला?” ती म्हणाली. “वाट रुंद झाली तं झोळीवाल्यांचा तरी पाय घसरणार नाय.”

कुदळी पुन्हा चालू झाल्या. प्रमिला तिथेच उभी होती. तिला लाज वाटत होती, अगदी अंग चोरून घ्यावंसं वाटण्याइतकी. आणि त्या लाजेखाली गुरुजींचा उतरलेला चेहरा अजूनही तिला गोड लागत होता, तो काही केल्या कडू होत नव्हता.

तिने पर्स खांद्यावरून काढून दगडावर ठेवली आणि सकूच्या हातातलं घमेलं घ्यायला हात पुढे केला. सकूने ते दिलं नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती आत्याला वळसा घालून पुढे गेली.